चार मिलिमीटर

या, असे जवळ सरका. लांबून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. आकाशात माणूस गेल्याची आहे म्हणजे तशी मोठीच, पण घडली ती चष्म्याच्या एका काचेवर, चार मिलिमीटरांत, म्हणून कानाशी सांगावी लागते. एका बाईने सूड कसा उगवला ते सांगतो. देवाचं नाव घेणाऱ्याने असलं काही सांगू नये असं कुणाला वाटेल, तर माझं त्याला एवढंच म्हणणं, की ज्याने मन केलं त्यानेच त्यातली ही खोलीही केली. आपण काही तिथे राहायला जात नाही. दारातून आत बघू, आणि जमलं तर त्या बाईसाठी हात जोडून परत येऊ.

सोमवारी दुकान उघडून पंधरा मिनिटं झाली असतील. ताई मागच्या खोलीत काच घासायच्या मशीनचं पाणी बदलत होती. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. तेवढ्यात काउंटरवरून मालकांचा आवाज आला, की ताई, बाहेर या, अवकाशवीराच्या मातोश्री आल्यात आपल्या गरीबखान्यात. ताईच्या हातातला मग कलंडला आणि पांढरं गढूळ पाणी दोन्ही चपलांवर सांडलं. झालं ते एवढंच. पण ते पाणी बोटांच्या बेचक्यांत शिरलं तसं तिला वाटलं की पायांखाली कुणीतरी दार उघडलंय. काकू तिच्या समोरच्या दारात राहत. जिना चढताना, कचरा बाहेर ठेवताना, रोज कुठे ना कुठे तोंड दिसायचंच. पण दुकानात त्या कधी आल्या नव्हत्या, आणि ताईला मनात कुठेतरी असं पक्कं होतं की दुकान ही आपली जागा, इथे ती बाई नाही. आता ती काउंटरसमोरच्या उंच स्टुलावर बसली होती. एकोणऐंशी वर्षांची, पाय जमिनीला न टेकणारी, डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही हातांनी धरून. चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांना उणे सात लिहिलं होतं. काकू आनंदाने सांगायला लागल्या, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगतायत. डोळ्यांच्या मागचा पडदा झिजलाय म्हणे, वर्ष संपता संपता मधलं दिसणं जाईल, कडेकडेचं तेवढं उरेल. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं की शुक्रवारपर्यंत टिकेल ना. थोरला बुधवारी वर जाणार होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून आठ मिनिटांनी त्याचं यान बरोबर आपल्या गच्चीवरून जाणार होतं. पाच मिनिटं दिसेल, नुसत्या डोळ्यांनी, असं त्याने स्वतः फोनवर सांगितलं होतं. तेव्हा जुन्या ओरखडलेल्या काचांतून नको, नव्या काचांतून बघायचं होतं त्यांना. मालक म्हणाले, काकू, दुर्बीणच बसवून देऊ की फ्रेमला. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "मला काय ते ठाऊक नाही. चष्मा धाकट्याच्या ताईच्या हातचा हवा."

धाकट्याच्या. हा शब्द काकूंनीच बिल्डिंगला दिला होता. त्यांना एकच मुलगा, आणि ताईला एकच भाऊ. दोघांच्या वयात जेमतेम सहा महिन्यांचं अंतर. दोन्ही दारं दिवसभर उघडी असायची, दोघं कुठेही जेवायचे, कुठेही झोपायचे. एकदा काकूंनी सोयीसाठी आपल्या मुलाला थोरला आणि शेजारच्याला धाकटा म्हटलं, आणि मग शाळेत, मैदानावर, पुढे विमान उडवायला शिकले तिथेही तेच राहिलं. दोघांनी एकाच दिवशी अवकाशवीरांच्या तुकडीसाठी अर्ज केला, आणि शेवटच्या सहांत दोघंही उरले. मग घरोघर चौकशीला एक अधिकारी आला. उमेदवाराच्या शेजाऱ्यांना विचारायची पद्धत होती. धाकट्याचे शेजारी म्हणजे काकू. काकूंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि हसत हसत सांगितलं की आमचा धाकटा लहानपणी झोपेत चालायचा. धाकट्याचं नाव कटलं. नुसतं तेच नाही, तो कागद त्याच्या मागे मागे हिंडला आणि सहा महिन्यांत त्याचं विमान उडवणंही बंद झालं. फाइलमधली ती ओळ त्याला कुणीतरी दाखवली होती. त्याने ती घरी येऊन सांगितली, काकूंचा आवाज काढून, हसत. ताई हसली नाही. ती ओळ तिने त्या दिवशी गिळली ती बावीस वर्षं तशीच होती, विरघळली नाही, खाली उतरली नाही. आणि त्यातलं सगळ्यात वाईट हे होतं की ती ओळ खोटी नव्हती. धाकटा झोपेत चालायचा. अकरा वर्षांचा होईपर्यंत चालायचा. ताई स्वतः रोज आपल्या वेणीची रिबीन त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधून दुसरं टोक मनगटाला गुंडाळून झोपायची. खोट्याशी भांडता येतं, पुरावा मागता येतो, तोंडावर फेकता येतं. खऱ्याचं काय करायचं? ते कुठे सांगावं आणि कुठे सांगू नये हे ज्याला कळत नाही त्याचं काय करायचं? की कळत होतं? या शेवटच्या प्रश्नापाशी आली की ताईच्या दाढा आपोआप एकमेकींवर बसायच्या. दातांच्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं, झोपेत दात खाता का म्हणून. ती म्हणाली होती, जागेपणी.

चष्म्यासाठी दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं. त्यासाठी माणसाच्या इतकं जवळ जावं लागतं की एरवी फक्त आई आणि लेकरू तेवढे जवळ येतात. ताईने काकूंच्या नाकावर छोटी पट्टी आडवी धरली आणि आपला एक डोळा मिटून त्यांच्या डोळ्यात बघितलं. बासष्ट मिलिमीटर. काकूंच्या श्वासाला औषधी गोळीचा वास होता. बुबुळांच्या कडेला पांढुरकं कडं चढलं होतं, आणि त्या पाणीदार, भोळ्या डोळ्यात दुकानाचं दार आणि ताईचं डोकं वाकून पडलेलं दिसत होतं. इतक्या जवळून बघताना ताईला वाटलं होतं की काहीतरी सापडेल. लबाडी, किंवा लाज, किंवा निदान एखादी जुनी भीती. काही नव्हतं. काकू पापणीसुद्धा न हलवता, फोटोला बसल्यासारख्या बसल्या होत्या. मग तशाच, ओठ न हलवता म्हणाल्या की धाकटा असता तर आज तोही गच्चीवर आला असता. ताईने पट्टी खाली ठेवली. धाकटा तीन वर्षांपूर्वी गेला होता. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला तो वाकलेलाच राहिला. बेचाळीस वर्षांचा. विमान उडवायचं बंद झाल्यावर त्याने विमानतळावरच काम धरलं होतं. उतरलेल्या विमानासमोर दोन पेटते दांडके हातात घेऊन उभं राहायचं आणि त्याला त्याच्या जागेवर आणायचं. थोडं डावीकडे, सरळ, सरळ, थांब. एवढी अवाढव्य विमानं माझ्या हाताचं ऐकतात, असं तो सांगायचा. त्याला खरंच मजा वाटायची. तो रागावत नव्हता म्हणून ताईला दोन माणसांचं रागवावं लागत होतं. आणि त्याला नेलं त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने कोण रडलं, तर काकू. ते रडणंही ताईने बाजूला काढून ठेवलं होतं.

चष्म्याचं काम करणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते ती तुम्हाला सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. देवाने डोळे दोन दिले आणि दिसणं एकच दिलं. दोन्ही डोळे दोन वेगळी चित्रं बघतात आणि आत कुणीतरी बसून ती बेमालूम एकावर एक ठेवतो. चष्मा करणाऱ्याने त्या आतल्या बसलेल्याचं काम वाढवायचं नाही, एवढाच या धंद्याचा धर्म. प्रत्येक काचेला एक मध्य असतो, दुकानात त्याला सेंटर म्हणतात, आणि तो बुबुळाच्या बरोबर समोर यावा लागतो. डावीउजवीकडे थोडा चुकला तर डोळे ओढूनताणून सांभाळून घेतात. वरखाली चुकला तर नाही सांभाळता येत. जाड नंबरात एका काचेचा मध्य चार मिलिमीटर वर गेला की एकाचे दोन दिसतात, एकावर एक. आणि कुणाला सापडतही नाही. मशीनवर धरा, नंबर बरोबर उणे सात. काच स्वच्छ, फ्रेम सरळ. मध्य कुठे ते दाखवायला काचेवर शाईचा ठिपका ठेवतात, तो काम झालं की पुसून टाकतात. मंगळवारी दुपारी मालक जेवायला गेले तेव्हा ताईने डाव्या काचेवर ठिपका जागेवर ठेवला. उजव्या काचेवरही जागेवरच ठेवला. त्याच्याकडे बघत बसली. मग ओल्या कापडाने तो पुसला आणि चार मिलिमीटर वर दुसरा ठेवला. तिच्या हाताला कंप सुटेल असं तिला वाटलं होतं. या कामाच्या एकतीस वर्षांत कधी नव्हता इतका हात स्थिर होता. मशीनने काच घासायला सुरुवात केली, पाणी दुधासारखं वाहायला लागलं, आणि त्या करकरीत आवाजात तिला इतकं शांत वाटलं की तिला भीती वाटली. तुझा मुलगा तुला एकदाच दिसणार आहे ना, ती मनात म्हणत होती. दिसेल. पण तो कुठला, ते तुला कळणार नाही. तूही अशीच एक खरी गोष्ट जरा वर सरकवून ठेवली होतीस. खोटं तूही काही केलं नव्हतंस, मीही काही करत नाही. नंबर बरोबर आहे.

बुधवारी अकरा वाजता दुकानातल्या टीव्हीसमोर पंधरावीस माणसं गोळा झाली. भिंतीवरच्या शेकडो रिकाम्या फ्रेमाही त्याच दिशेला बघत होत्या. ताई मागच्या खोलीच्या दारात, हातात बारीक पक्कड घेऊन उभी राहिली. पडद्यावर आधी थोरला दिसला, पांढऱ्या जाड पोशाखात, खुर्चीत जवळजवळ उताणा, गुडघे छातीशी घेऊन, आणि ताईच्या मनात नको असताना आलं की लहानपणी हे दोघं जिन्यावर असेच झोपायचे, डोकं खालच्या पायरीवर आणि पाय वर, आणि आपण त्यांना ओलांडून जायचो. तेव्हा ती मुद्दाम थोरल्याच्या बाजूने जायची, धाकट्याला पाय लागू नये म्हणून. उलटे आकडे सुरू झाले. दुकानातले लोक मोठ्याने मोजायला लागले. यानाच्या बुडाखालून धूर फुटला, मग आग, आणि मग ती एवढी वस्तू क्षणभर जागच्या जागी उभी राहिली, जशी काही जायचं की नाही हे अजून ठरवतेय. त्या क्षणाला ताईला आपल्या हातात काहीतरी रुतल्याचं जाणवलं. पक्कडीची टोकं तळव्यात गेली होती. आणि तिला कळलं की आपण वाट बघतोय. सगळे ज्या आगीकडे बघतायत त्या आगीची नाही, दुसऱ्या आगीची, कडेने कुठेतरी फुटेल अशा. यान वर चढलं, बारीक झालं, पडद्यावर एक ठिणगी उरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मालकांनी डोळे पुसले, आणि ताई अजून वाट बघत होती. थोरल्याने तिचं काय वाकडं केलं होतं? काही नाही. धाकटा गेला तेव्हा तो प्रशिक्षण अर्धं टाकून तीन दिवस येऊन राहिला होता, जिन्यावरच बसून होता. हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही तिने त्याचं जळणं मागितलं होतं, तळव्यातून रक्त येईपर्यंत. ती आत गेली. नळाखाली हात धरला. देवा, एवढं पुढे नव्हतं जायचं मला, असं ती म्हणाली. आणि मग मशीनशेजारच्या खणातून काकूंचा चष्मा काढून, तो नीट करायच्या ऐवजी, मऊ कापडाने आणखी एकदा पुसून डबीत ठेवला. पश्चात्ताप आणि सूड एकाच माणसात एकाच वेळी, एकमेकांना धक्का न लावता राहतात, हे ऐकून तुम्हाला नवल वाटत असेल तर तुम्ही भाग्यवान आहात.

चष्मा आधी द्यायचा नाही हेही तिने ठरवलं होतं. घरात दिवसाउजेडी घातला असता तर काकूंना एका कपाचे दोन कप दिसले असते आणि गोष्ट तिथेच उघडी पडली असती. शुक्रवारी संध्याकाळी सातला दहा कमी असताना ती त्यांच्या दाराशी गेली, त्यांना दंडाला धरून गच्चीवर नेलं, आणि वर पोचल्यावर डबी उघडली. नव्या काचा आहेत, दोन दिवस जरा वेगळं वाटेल, सवय होईल, हे ती रोज दहा गिऱ्हाइकांना सांगते ते वाक्य तिने त्याच आवाजात सांगितलं. काकूंनी चष्मा चढवला, इकडे तिकडे बघितलं, आणि म्हणाल्या की डोकं गरगरतंय थोडं, पण दिवे कसे भरपूर आणि टपोरे दिसतात गं. बिल्डिंगमधली बाकी मंडळी रस्त्याच्या बाजूला फोन घेऊन उभी होती. काकूंना उजेड नको होता, म्हणून या दोघी पाण्याच्या टाकीमागे गेल्या. आकाश खाली अजून जरा पिवळं होतं आणि वर निळं-काळं होत चाललं होतं. काकूंनी ताईच्या कोपरात हात अडकवला. तो हात सुकलेल्या शेंगेसारखा हलका होता, आणि ताईला तो झटकून टाकावासा वाटला. तिने तो तिथेच राहू दिला. पाच मिनिटांचं तर काम होतं.

मग ते आलं. छतांच्या वरून, आवाज नाही, लुकलुकणं नाही, एक सरळ चालणारा प्रकाशाचा थेंब. विमान असतं तर पंखांचे दिवे मिचकावत गेलं असतं. हा नुसताच चालला होता, कुणीतरी हातात धरून नेतंय असा. पलीकडे आरडाओरडा झाला. ताईने काकूंच्या खांद्याला धरून त्यांना त्या दिशेला वळवलं आणि म्हणाली, तिकडे, टाकीच्या वर. काकूंनी बघितलं. ताईने आकाशाकडे नाही, काकूंच्या तोंडाकडे बघितलं. बावीस वर्षं ज्याची वाट बघितली ते आता या तोंडावर उमटणार होतं. भुवया जवळ येतील, त्या चष्मा वरखाली करतील, कुठला गं, कुठला, असं विचारतील, आणि आपण म्हणू, तुम्हीच ओळखा काकू, तुमचा मुलगा आहे.

"दोन आहेत," काकू म्हणाल्या.

नव्या काचा आहेत, सवय होईल, ताई म्हणाली.

"नाही गं, दोन आहेत. एकावर एक." त्यांचा आवाज एकदम उतरला, एखाद्याला उठवायचं नसेल तसा. "बरोबरच आहे. वरचा थोरला. आणि खालून चाललाय तो धाकटा. बघ, अंतर सोडत नाही."

पहिलं मिनिट गेलं असावं. थेंब टाकीवरून निसटून मोकळ्या आकाशात आला आणि आणखी तेजाळला. काकू वर बघत बघतच बोलायला लागल्या, जसं काही आता सगळे जमलेत तर सांगून टाकू. तो चौकशीचा माणूस आला होता ना, तेव्हा त्या धाकट्याचं कौतुकच सांगत होत्या. लहानपणी एकदा झोपेतच चालत तो समोरच्या घरात आला, जेवणाच्या टेबलावर चढून बसला, कमरेला टॉवेल बांधला पट्ट्यासारखा, आणि काकूंना म्हणाला, दार लावून घ्या, निघतोय मी. ही गोष्ट त्या सगळ्यांना सांगायच्या. त्यालाही सांगायला घेतली. अर्ध्यावर आल्या तेव्हा त्या माणसाने खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं.

"तेव्हाच कळलं मला," काकू म्हणाल्या. "टोपण उघडलं तेव्हाच. थांबता आलं असतं. म्हणता आलं असतं की अहो, गंमत करते. पण गोष्ट रंगात आली होती. आणि मनात आलं, सहांतला एक कमी होईल. आलं मनात. मग मी ती पुरी केली."

त्यांनी हे रडत सांगितलं नाही. रडल्या असत्या तर ताईला सोपं गेलं असतं. तिच्या छातीत काहीतरी सुटलं, पण ते दुःख नव्हतं, बावीस वर्षांच्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याचा भयंकर आनंद होता. कळत होतं. हिला कळत होतं. आणि आता ही उभी आहे माझ्या हाताच्या काचांतून आकाशात माझा भाऊ बघत, त्याला आपल्या मुलाच्या मागून चालवत, आणि समाधानाने सांगतेय की अंतर सोडत नाही. मी हिचं एक चोरायला निघाले आणि हिला दोन देऊन बसले. नाही. हे नाही मिळणार हिला. थोरला मिळाला तो मिळाला, धाकटा नाही मिळणार.

"काकू, एकच आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज दुकानातल्यासारखा स्वच्छ होता. "उजव्या काचेचं सेंटर मी हलवलंय. मुद्दाम. म्हणून तुम्हाला दोन दिसतायत. वर धाकटा नाही. तुम्ही त्याला जाऊ दिला नाहीत."

आणि तिने आपला तळवा काकूंच्या उजव्या डोळ्यावर, चष्म्याच्या काचेवरून, घट्ट धरला.

काकू हलल्या नाहीत. थेंब आता पलीकडे कलला होता. तिथे पृथ्वीची सावली असते. त्यात शिरताना असलं यान आधी तांबूस होतं, मग मंद, मग नसतंच. ताईच्या तळव्याखाली काच गरम झाली. काचेआडून पापणीची उघडझाप तिला जाणवत होती, की आपल्याच तळव्यातली नस ती, तिला कळेना. पलीकडची मंडळी हात हलवत होती. काकूंनी एका डोळ्याने, शांतपणे, बराच वेळ वर बघितलं. मग ताईच्या कोपरातला आपला हात न काढता त्यांनी विचारलं,

"यातला कुठला ठेवलास गं?"

ताईने तोंड उघडलं. एक आकाशवाटेने चाललेला ठिपका होता, तांबूस होत आलेला. तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं, आणि तिला सांगता येईना. तळवा काढला तर दोन होतील. ठेवला तर कुणातरी एकाला आपण स्वतः, आपल्या हाताने, पुसलेलं असेल. तिने हात काढला नाही आणि ठेवलाही नाही. तो तिथे थरथरत राहिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यात प्रकाश सावलीत गेला.

आता तुम्ही उठाल, घरी जाल, तुमची कामं असतील. त्या दोघींचं पुढे काय झालं ते त्यांचं आणि देवाचं. माझं मागणं लहान आहे. कधी संध्याकाळी वर बघताना असा एखादा दिवा सरळ चालताना दिसला, तर थोरल्याचं नाव घ्यायला पुष्कळ लोक असतील. तुम्ही धाकट्याला आठवा.